जाळ्यावरचा पहारा : आधी जागा, मग यंत्र

पंचवीस-तीस संगणक, पंधरा-सोळा कॅमेरे आणि १०० मेगाबिट वेगाची फायबर जोडणी एवढा पसारा आज नागपुरात सीताबर्डीवरील शिकवणी वर्गापासून धरमपेठेतील सनदी लेखापालांच्या कार्यालयापर्यंत कोठेही आढळतो. या जाळ्यातील कोणता संगणक कोणत्या वेळी कोणाशी किती माहितीची देवाणघेवाण करतो, हे जाणण्याची निकड एके काळी बँका आणि दूरसंचार कंपन्यांपुरती होती. मात्र भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी कंपन्यांनाही सायबर घटना ६ तासांत कळवणे आणि संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. त्यानंतर बाजारात चौकशी सुरू होते ती बहुधा ‘यासाठी कोणता संगणक घ्यावा’ या प्रश्नाने. वस्तुतः पहाऱ्याचे यश यंत्राच्या ताकदीपेक्षा ते जाळ्यात कोठे जोडले आहे यावर अधिक ठरते.

याचे कारण स्विचच्या कार्यपद्धतीत आहे. कार्यालयातील सर्व तारा ज्या पेटीत एकत्र येतात, तो स्विच प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा लहानसा तुकडा, ज्याच्यासाठी असेल त्याच्याच पोर्टवर धाडतो. त्यामुळे एखाद्या मोकळ्या पोर्टवर कितीही महागडा संगणक जोडला, तरी त्याला इतरांची वाहतूक दिसत नाही. ती दिसावी यासाठी एका पोर्टवरील पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची सोय लागते, जिला पोर्ट मिररिंग म्हणतात. साध्या स्विचमध्ये ती नसते. आठ पोर्टच्या, काही हजार रुपयांच्या ‘स्मार्ट मॅनेज्ड’ स्विचमध्ये मात्र ती सहसा मिळते, आणि म्हणून या खरेदीतील पहिली वस्तू संगणक नसून स्विच असते.

कोणत्या पोर्टची प्रत घ्यायची, हा त्यापुढचा प्रश्न. सर्वच पोर्टांची घेतल्यास प्रत्येकी ४ मेगाबिट दराने अखंड चित्रण पाठवणाऱ्या १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट पहाऱ्यावर येऊन आदळतात आणि त्यांतून कामाचे काहीच हाती लागत नाही. राउटरकडे जाणाऱ्या एकाच पोर्टची प्रत घेतल्यास बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार तेवढा समोर येतो. ही प्रत राउटरच्या आतल्या बाजूला घेणे आवश्यक असते, कारण बाहेरच्या बाजूला सर्व संगणक एकाच सार्वजनिक पत्त्याआड लपतात आणि दोषी कोण हे उमगत नाही. येथे आणखी एक खाच आहे. इंटरनेट पुरवठादाराच्या पेटीतच राउटर आणि वाय-फाय दोन्ही असतील, तर कर्मचाऱ्यांच्या मोबाइलची वाहतूक स्विचला वळसा घालून परस्पर बाहेर जाते; त्या पेटीतील वाय-फाय बंद करून स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट स्विचला जोडला, तरच ती नजरेस पडते.

जागा ठरली की यंत्राचा आकार किती खोल पाहायचे यावर ठरतो. प्रत्येक पॅकेट जसेच्या तसे साठवायचे म्हटले, तर १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहताना तासाला ४५ गिगाबाइट, म्हणजे दिवसाला एक टेराबाइटहून अधिक जागा लागते, आणि एवढे करून बरीचशी पॅकेट कूटबद्ध असल्याने आतला मजकूर वाचता येत नाही तो नाहीच. याउलट फ्लो नोंदीत, टेलिफोनच्या बिलाप्रमाणे, कोणी कोणाशी किती वेळ आणि किती व्यवहार केला एवढेच टिपले जाते. नेटफ्लो या नोंदपद्धतीच्या पाचव्या आवृत्तीतील अशी एक नोंद ४८ बाइटची असते. सेकंदाला १०० नोंदी धरल्या, तरी १८० दिवसांचा साठा सुमारे ७५ गिगाबाइटमध्ये मावतो. त्यासाठी ५०० गिगाबाइटची एसएसडी पुरेशी ठरते. मेमरी कार्डावर मात्र विसंबू नये, कारण सततच्या लेखनाने ते लवकर झिजते.

वेगाच्या बाबतीत पोर्ट पाहूनच निवड करावी लागते. १०० मेगाबिटची जोडणी दोन्ही दिशांनी भरून वाहिली, तर प्रतीच्या पोर्टवर २०० मेगाबिट येतात. रास्पबेरी पाय ३ बी या चिमुकल्या संगणकाचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असल्याने तो निम्मी पॅकेट गमावतो, तर २०१९ मध्ये आलेला पाय ४ खऱ्या गिगाबिट पोर्टमुळे हे ओझे पेलतो. संशयास्पद हालचाली हुडकणारी सुरिकाटासारखी प्रणाली चालवायची असल्यास इंटेल एन१०० प्रोसेसरचा, दोन किंवा अधिक पोर्ट आणि ८ ते १६ गिगाबाइट मेमरी असलेला मिनी पीसी अधिक सोयीचा.

पॅकेट गळण्याचा दोष गंभीर मानला पाहिजे, कारण तो मुकाट्याने घडतो आणि पडद्यावरचे आलेख तरीही सुबक दिसत राहतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले. देशभर बातम्या झळकल्यानंतर हवामान खात्याने संवेदकातील बिघाडाचा खुलासा केला. तो आकडा अविश्वसनीय असल्याने निदान शंका तरी आली. जाळ्यावरील वाहतूक प्रत्यक्षापेक्षा निम्मी दिसली, तर शंका घेण्याचेही कारण उरत नाही. म्हणून टीसीपीडंप ही जुनी आज्ञावली थांबवताना शेवटी जी ओळ दाखवते, तिच्यातील ‘गळालेली पॅकेट’ हा आकडा, तसेच स्विचच्या प्रत-पोर्टवरील गळतीची मोजणी, या दोन्ही गोष्टी तपासल्याशिवाय कोणत्याही आलेखावर भरवसा ठेवता येत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याची अट याहून वेगळी आणि कडक आहे. कार्यालयासाठीचे अनेक स्विच ४० अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी बनवलेले असतात, तर रास्पबेरी पाय ४ ची मर्यादा ५० अंश आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या दिवसांत, बंद लोखंडी कपाटातील हवा सहज तेवढी तापते आणि ८० अंशांवर पोहोचलेला पायचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पंखा नसलेले यंत्र धुळीपासून बचावते, परंतु त्याला मोकळी हवा लागते. आणि ती मिळावी म्हणून ते कूलरच्या झोतात ठेवणे म्हणजे ओलसर हवा व ताट्यांतील गाळ थेट त्याच्या पोर्टांवर घेणे होय. कूलरपासून दूर, भिंतीवर, जाळीदार कप्प्यात आणि लहान यूपीएसवर ही जोडणी असणे इष्ट ठरते.

वेळेचा मुद्दाही दुय्यम नव्हे. घड्याळे परस्परांशी जुळली नाहीत तर नोंदींना पुरावा म्हणून किंमत उरत नाही, आणि म्हणूनच सर्ट-इनच्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळसेवेशी जुळवणी सांगितली आहे. स्वतःचे बॅटरी-घड्याळ नसलेल्या पाय ४ सारख्या यंत्राबाबत ही जुळवणी विशेष महत्त्वाची. अशी नोंद ठेवली जाते हे कर्मचाऱ्यांना आधी कळवणे हाही या व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

यावरून खरेदीचा क्रम आपोआप ठरतो : आधी मिररिंग असलेला स्विच घ्यावा, मग कार्यालयातच पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपला गिगाबिट कार्ड लावून आठवडाभर वाहतूक पाहावी, गळती मोजावी, आणि नवे यंत्र लागतेच का याचा निर्णय त्या आकड्यांवर घ्यावा. ही चाचणी डिसेंबरात घेतली, तर मे महिन्यात ती पुन्हा घ्यावी.