परभणीचं वर्तुळ

"जगात जर्मनी, भारतात परभणी." आमच्या जिल्ह्यात हे वाक्य शाळकरी पोरंही छाती फुगवून म्हणतात. यमक जुळतं, कानाला बरं वाटतं. मी मात्र एकदा हे वाक्य शब्दशः घ्यायचं ठरवलं. जर्मनीत गेलेली आपली मराठी मंडळी सुट्टी कशी घालवतात? रेल्वेचा नकाशा पुढ्यात घेतात आणि बाम्बेर्ग, रेगेन्सबुर्ग, क्वेडलिनबुर्ग अशी जुनी गावं एका माळेत ओवतात. पिशवी पाठीवर, गाडी बदलत, एकेका गावात मुक्काम करत. मग परभणी जंक्शनवर उभं राहून तसं का करू नये?

नकाशा उघडला आणि दिसलं ते असं. परभणीहून पूर्वेला पूर्णा. पूर्णेहून उत्तरेला वसमत, हिंगोली, वाशिम, अकोला. अकोल्याहून पश्चिमेला भुसावळ, जळगाव, मनमाड. मनमाडहून पुन्हा आग्नेयेला छत्रपती संभाजीनगर, जालना, सेलू, मानवत रोड आणि परत परभणी. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास भरणारं बंद वर्तुळ. या वर्तुळावर वाकाटकांची राजधानी आहे, यादवांची आहे, अहमदनगरच्या निजामशाहीची शेवटच्या काळातली गढी आहे आणि त्याच निजामशाहीचं मूळ गावही हाकेच्या अंतरावर आहे. इतकं सगळं एका रुळावर असताना आपण ते कधी सलग पाहिलेलं नसतं. लग्नाला जाताना वाशिम लागतं, मुंबईला जाताना रात्रीच्या अंधारात दौलताबाद निघून जातं, एवढंच.

हे वर्तुळ कुणी आखून काढलेलं नाही. ते दोन वेगळ्या राज्यांच्या रेल्वेंतून शंभर वर्षांत जमत गेलं. मनमाड, भुसावळ, अकोला हा पट्टा इंग्रजी मुलखातला. तिथं ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच ब्रॉडगेज टाकली होती. आमच्या बाजूची रेल्वे हैदराबादच्या निजामाची. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे हे तिचं नाव. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत सुमारे ३९१ मैलांची ही मीटरगेज १९०१ पर्यंत धावू लागली. सेलू, मानवत, परभणी ही कापसाची गावं. जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या गाठी या रुळांवरून मनमाडला जायच्या. तिथं पंचाईत व्हायची, कारण मीटरगेजच्या दोन रुळांत १००० मिलिमीटरचं अंतर, तर ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ चं. एका रुळाचा डबा दुसऱ्यावर चढत नाही. गाठ उतरवा, पलीकडच्या वाघिणीत चढवा. माणसांचंही तेच. ट्रंक, वळकटी, लेकरं सांभाळत मनमाडचा फलाट बदलणं ही मराठवाड्याच्या दोन-तीन पिढ्यांची आठवण आहे.

पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारा फाटा नंतरचा. हिंगोली ते खांडवा हा दुवा १९६० च्या सुमारास जुळला, तेव्हा दक्षिणेची मीटरगेज उत्तरेच्या मीटरगेजला मिळाली आणि पूर्णा हे छोटं गाव देशाच्या नकाशावर मोठं जंक्शन झालं. ब्रॉडगेज मात्र मागून, भांडून मिळवावी लागली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. त्या माणसांचं ऋण या मार्गावरच्या प्रत्येक प्रवाशावर आहे, असं मला मनापासून वाटतं. १९९० च्या दशकात मनमाड ते नांदेड रुंद झालं आणि २००८ मध्ये पूर्णा–अकोलाही. म्हणजे हे वर्तुळ एकाच रुंदीचं होऊन अजून वीस वर्षंही झालेली नाहीत.

आता बेत. पहिला प्रश्न दिशेचा. मी पूर्णेकडून निघायला सांगेन, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कारण या दिशेने गेलं की इतिहास जवळपास क्रमाने भेटतो.

पहिला मुक्काम वाशिम. जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा तसा कवीही होता. त्याने 'हरिविजय' हे काव्य लिहिलं ते संस्कृतात नव्हे, प्राकृतात. १९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा. त्याच्या काही भागाची भाषा संस्कृत, बाकीची प्राकृत. त्यात एक गाव दान दिल्याची नोंद आहे आणि ते गाव कुठे, तर नान्दीकडच्या उत्तर मार्गावर. अभ्यासक नान्दीकड म्हणजे नांदेड मानतात. हे वाचल्यापासून पूर्णा–वाशिम गाडीत बसलो की मला रूळ नवे वाटत नाहीत. नांदेडहून उत्तरेकडे जाणारी वाट सोळाशे वर्षांपूर्वी ताम्रपटावर कोरण्याइतकी ठरलेली होती. आज वाशिमला उतरून पाहायला राजवाडा वगैरे काही नाही. पद्मतीर्थ आहे, अठराव्या शतकातलं बालाजी मंदिर आहे, आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्या आहेत. एक संध्याकाळ आणि एक सकाळ पुरते.

वाशिमच्या आधी वाटेत हिंगोली लागतं. १ मे १९९९ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. औंढा नागनाथचं कोरीव मंदिर पाहायचं तर इथं उतरून रस्त्याने जावं लागतं. ज्यांच्याकडे एक दिवस जास्त आहे त्यांनी तो इथं खर्चावा.

अकोल्याला फक्त गाडी बदला. दुसरा मोठा मुक्काम जळगाव, तो अजिंठ्यासाठी. स्टेशनपासून लेणी साठेक किलोमीटर. वाशिमहून इथं येण्यात एक सलगपणा आहे, तो मोटारीने थेट लेण्यांवर जाणाऱ्याला मिळत नाही. सोळाव्या क्रमांकाचं लेणं वराहदेवाने खोदवून घेतलं. वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री, आणि हरिषेण वत्सगुल्म शाखेचा. त्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटकांची वंशावळ दिली आहे. काल ज्या गावात तुम्ही चहा प्यायलात, त्या गावाच्या राजांची नावं आज तुमच्यासमोर दगडात असतात. एक गोष्ट तिकीट काढायच्या आधीच लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. या दोन वारांभोवतीच सगळा बेत बसवावा लागतो. माझ्या हिशेबाने परभणीहून मंगळवारी निघावं, म्हणजे बुधवारी रात्री जळगाव, गुरुवारी अजिंठा, आणि वेरूळ शुक्रवारी-शनिवारी.

जळगावहून मनमाड. इथं गाडी बदलताना घाई करू नका. मनमाड सुटल्यावर थोड्याच वेळात अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले रुळाच्या जवळ येतात, ते दिवसाउजेडी पाहायचे आहेत. मग रोटेगाव, लासूर आणि पुढे खिडकीत एकदम देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, तो तासलेला डोंगर. दौलताबाद स्टेशन आहे, पण तिथं मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला उतरायचं आणि रस्त्याने मागे यायचं.

इथं दोन रात्री तरी हव्यात, तीन असतील तर उत्तम. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव भिल्लमाने देवगिरी ही राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं हलवली. संभाजीनगरचा नान-खलिया त्या लष्कराबरोबर आला असं शहरातली जुनी माणसं सांगतात. निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि डोंगरातलं पाणी भूमिगत नहरीने शहरात आणलं. पाणचक्कीवर उभं राहिलं की ती विद्या डोळ्यांनी दिसते. बीबी का मकबरा, वेरूळ, देवगिरी हे सगळं लोकांना ठाऊक आहे, त्यावर मी शाई खर्च करत नाही. मला सांगायचं आहे ते यानंतरच्या स्टेशनाबद्दल, जिथं सुट्टीवरचा एकही माणूस उतरत नाही.

ते स्टेशन म्हणजे मानवत रोड.

रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागला की समजायचं, गाव इथं नाही; इथून गावाला जाणारा रस्ता आहे. मुख्य मार्ग आपल्या सोयीने सरळ गेला आणि गाव बाजूला राहिलं. जर्मनीतल्या रोथेनबुर्गचंही असंच झालं. तटबंदीतलं ते प्रसिद्ध गाव मुख्य मार्गावर नाही. श्टाइनाख नावाच्या लहान स्टेशनावर उतरून फाट्याच्या छोट्या गाडीत बसायचं, की पाव तासात रोथेनबुर्ग. ती छोटी गाडी मोठ्या गाडीशी वेळ जुळवून उभी असते, म्हणून जगभरचे लोक तिथं पोहोचतात. मानवत रोडला उतरणाऱ्यासाठी अशी जुळलेली गाडी नाही. बाहेर रिक्षा किंवा बस पाहायची, मानवत ओलांडायचं आणि पाथरी गाठायचं.

पाथरी हे आमचं रोथेनबुर्ग आहे असं मी म्हणणार नाही. तशी राखलेली तटबंदी इथं नाही. पण वजन त्याहून कमी नाही. इतिहासकार फिरिश्ता याच्या म्हणण्यानुसार अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. पुढे अहमदनगरचं तख्त मिळाल्यावरही या घराण्याला मूळ गावाची ओढ सुटली नाही. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने ती मागितली, मिळाली नाही, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतली. अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या हिशेबाने जिल्हाच. साईबाबांचा जन्म इथला, ही श्रद्धाही गावाने जपली आहे. आणि आता मागे वळून पाहा: ज्या देवगिरीवरून तुम्ही काल उतरलात, तो किल्ला १६३३ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि पुढच्या तीन वर्षांत निजामशाही संपली. एका घराण्याचं पहिलं गाव आणि शेवटच्या काळातला मोठा किल्ला एकाच रेल्वेवर. हे सांगणारी पाटी मात्र मला दोन्हीकडे दिसली नाही. ती लागावी असं मला फार वाटतं.

सेलूला उतरलात तर जिंतूर तालुक्यातलं चारठाणा पाहता येतं: यादवकालीन मंदिरं, बारव आणि मोकळ्यावर उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ. जिंतूरला रेल्वे नाही. नेमगिरीची जैन गुहामंदिरं पाहायची तर दिवसभराची गाडी ठरवूनच निघावं.

वेळापत्रकाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जर्मन पद्धतीत दर तासाच्या ठरावीक मिनिटाला गाडी असते, एक चुकली तर पुढची. आपल्याकडे संभाजीनगर ते परभणी हा १७७ किलोमीटरचा पट्टा एकेरी रुळाचा आहे. एका वेळी दोन स्टेशनांच्या मध्ये एकच गाडी असू शकते, म्हणून समोरची येईपर्यंत ढेंगळी पिंपळगाव किंवा सातोना अशा स्टेशनावर थांबायचं. याला आपण 'क्रॉसिंग' म्हणतो. दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. परभणी ते मुदखेड आधीच दुहेरी झालं आहे. संभाजीनगर–परभणी दुहेरी होईपर्यंत दोन गाड्यांच्या मध्ये किमान दोन तास मोकळे ठेवा. अशा थांब्यावर खाली उतरून पाहिलेलं कपाशीचं रान हाही या सुट्टीचाच भाग आहे.

तिकिटाची एक जुनी सोय फार थोड्यांना माहीत आहे: चक्राकार प्रवास तिकीट. जिथून निघालात तिथंच परत यायचं असेल तर सगळ्या मार्गाचं एकच तिकीट मिळतं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन एकेरी प्रवासांचं भाडं लावतात. अंतर वाढलं की दर किलोमीटरचा आकार उतरतो, म्हणून हे तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. त्यासाठी मार्ग लिहून मोठ्या स्टेशनाच्या व्यवस्थापकाकडे किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज करायचा. आमचा विभाग नांदेडचा. टप्प्याटप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं आणि ते आता ६० दिवस आधीच खुलं होतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. परभणीचा उन्हाळा पाहुण्याला सोसत नाही.

वर्तुळ परभणीला संपतं, पण मी शेवटची सकाळ राखून ठेवतो. परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. पोखर्णी नृसिंह, धोंडी आणि मग गोदावरीचा पूल. पलीकडे गंगाखेड, जनाबाईंचं गाव. देवगिरीवर रामचंद्र यादव राज्य करत होता त्या काळात या गावची एक पोर पंढरपूरला नामदेवांच्या घरी राबायला गेली. जात्यावर दळता दळता तिने रचलेले अभंग तिच्या काळातल्या सगळ्या राजांना पुरून उरले. गाडी पुलावर आली की डब्यातल्या बायका खिडकीशी सरकतात, एखादी आजी पदरातलं नाणं काढते आणि हात बाहेर घालून खाली नदीत सोडते. त्या वेळी खिडकीची जागा तिला द्यायची.