चंद्रामागची डार्करूम

वाशीहून मानखुर्दकडे जाताना खाडीपुलावरून डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या कुशीतल्या अणुसंशोधन केंद्राला होमी भाभांचं नाव आहे, हे नवी मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. भाभांच्या नावाचं एक विवर चंद्रावरही आहे. 60 ते 70 किलोमीटर रुंद, मधोमध डोंगर असलेलं. पण इथल्या कुठल्याही गच्चीवरून, कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ते दिसायचं नाही, कारण ते चंद्राच्या पाठीवर आहे. जवळच जगदीशचंद्र बोस यांचं विवर आहे. शिशिरकुमार मित्रांचंही चंद्राच्या त्याच बाजूला. मित्रांनी वातावरणाच्या ज्या विद्युतभारित थराचा, म्हणजे आयनांबराचा ध्यास घेतला, त्यावर आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत संशोधन चालतं.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने 1970 साली पाचशेहून अधिक नावं एकदम मंजूर केली, त्यांत ही तिघंही होती. बारा वर्षं आधी ती देताच आली नसती. विवरं कुणी पाहिलीच नव्हती.

पहिली नजर पडली ती सोव्हिएत लुना-3 यानाची. 7 ऑक्टोबर 1959 रोजी चंद्रापासून सुमारे 65,000 किलोमीटरवरून त्याने चाळीस मिनिटांत 29 फोटो काढले. तेही फिल्मवर. फिल्म यानातच डेव्हलप झाली, फिक्स झाली, वाळली. मग प्रकाशाचा एक बारीक ठिपका तिच्यावरून ओळीओळीने फिरला आणि त्या उजेड-अंधाराचे रेडिओ संदेश झाले. यान पृथ्वीकडे परतू लागल्यावर ते क्षीण संदेश पकडले गेले. माणसाचा हात न लागता, वजनरहित अवस्थेत फोटो धुण्याची ही करामत मला रॉकेटच्या उड्डाणाइतकीच थोर वाटते.

त्या चित्रांत चंद्राच्या पाठीचा सुमारे 70 टक्के भाग आला. मॉस्को समुद्र नावाचं काळं मैदान दिसलं, काळ्या तळाचं त्सिओल्कोव्स्की विवर दिसलं. बाकी विवरं मात्र फारशी उमटली नाहीत. सूर्य यानाच्या पाठीशी होता आणि समोर सावल्याच नव्हत्या. भर दुपारी विमानातून सह्याद्री सपाट वाटतो आणि उन्हं कलली की एकेक कडा उठून दिसतो, तसंच हे. विवर टिपायचं तर सूर्य तिरपा हवा. जुलै 1965 मध्ये झोंड-3 यानाने उरलेल्या भागाचे बरेच चांगले फोटो पाठवले.

खरं काम केलं ते अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी. ऑगस्ट 1966 ते ऑगस्ट 1967 या एका वर्षात पाच यानं गेली आणि पाचही यशस्वी झाली. त्यांच्या पोटात कोडॅकची कॅमेरा-यंत्रणा होती. एकाच 70 मिलिमीटर फिल्मवर दोन भिंगांतून चित्रं पडत, एक विस्तृत भागाचं, दुसरं बारकाव्यांचं. यान वेगाने पुढे सरकत असल्याने चित्र पुसट आलं असतं, म्हणून शटर उघडं असताना फिल्मही त्या हिशोबाने हलवली जाई. धुण्यासाठी द्रावणाची भांडी नव्हतीच. रसायनात भिजलेली दुसरी फिल्म पहिलीवर दाबली, की निगेटिव्ह तयार. पृथ्वीवर चित्र पोहोचे ते अरुंद पट्ट्यांच्या रूपात. त्या शेजारीशेजारी जुळवाव्या लागत. जुन्या छायाचित्रांत त्या जोडरेषा अजून दिसतात, आणि मला त्या पुसून टाकाव्याशा वाटत नाहीत. चौथ्या आणि पाचव्या यानाच्या कक्षा ध्रुवांवरून जाणाऱ्या होत्या. पाचांनी मिळून चंद्राचा 99 टक्के पृष्ठभाग टिपला. काम संपल्यावर यानं चंद्रावरच आदळवली.

भाभा 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. पहिलं लूनर ऑर्बिटर उडायला तेव्हा साडेसहा महिने होते.

पुढे भारताची यानंच तिकडे पोहोचली. चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्याने 23 ऑगस्ट 2019 रोजी मित्र विवर टिपलं. त्याआधी, 2008 मध्ये निघालेल्या चांद्रयान-1 वर नासाचा खनिजं ओळखणारा वर्णपटमापक होता. भाभा विवर सुमारे 2,500 किलोमीटर रुंदीच्या दक्षिण ध्रुव–एटकेन खोऱ्यात आहे. त्याच्या मधल्या डोंगरात खोलवरून उचललेला खडक आहे. वर्णपटमापकाच्या नोंदींत तिथे पायरॉक्सीन हे मॅग्नेशियमयुक्त खनिज सापडलं. ते खोरं खणणाऱ्या आघाताने चंद्राच्या किती खोलवरचा माल वर आणला, याचा शोध शास्त्रज्ञ अशाच डोंगरांत घेत आहेत.