पाटी, आंकडा आणि अक्षर



संगणक एका सेकंदांत कोट्यवधि बेरजा करतो; परंतु समोर ठेवलेला मजकूर अंक मानावा कीं अक्षर मानावें, हें तो स्वतःच्या अकलेनें ठरवीत नाहीं. तें आज्ञा लिहिणाऱ्या मनुष्यानें ठरवावें लागतें. संगणकासाठीं आज्ञा लिहावयास नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याची पहिल्याच आठवड्यांत ‘चल’ आणि ‘माहितीचा प्रकार’ या दोन शब्दांशीं गांठ पडते. ते दोन्ही शब्द याच निर्णयासंबंधीं आहेत. त्यांचा अर्थ आज थोडक्यांत पाहावयाचा आहे.

‘चल’ हा शब्द बीजगणितांतून आला. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें योजलीं. आपण त्यांच्या जागीं क्ष, य लिहितों. अशी राशि अज्ञात असते, पण समीकरण सोडविलें कीं ती सांपडते आणि मग बदलत नाहीं. संगणकांतील चल निराळा. तो म्हणजे यंत्राच्या स्मरणांत ठेवलेली, नांव घातलेली एक पाटीच होय. तिच्यावर आपण लिहितों, वाचतों, पुसतों आणि पुनः लिहितों. पाटीचें नांव तेवढें कायम राहतें. म्हणूनच पुढील ओळ पाहून गणितांत हुशार असलेला मुलगाहि बुचकळ्यांत पडतो :

गुण = गुण + ५

बीजगणिताच्या दृष्टीनें हें अशक्यच. कोणतीहि संख्या स्वतःहून पांचानें मोठी कशी असेल? परंतु येथें तें चिन्ह बरोबरीचें नव्हे, आज्ञेचें आहे. ‘उजवीकडील हिशेब आधीं कर, आणि येईल तें उत्तर डावीकडील नांवाच्या पाटीवर लिही,’ असा त्याचा अर्थ. पाटीवर ४० असतील तर आतां ४५ होतात. आणि पुसलेले ४० पुनः पाहिजे झाले तरी मिळत नाहींत. ते हवे असतील तर आधींच दुसऱ्या पाटीवर उतरून ठेवावे लागतात. १९७० सालच्या पास्कल भाषेंत या आज्ञेकरितां बरोबरीच्या चिन्हामागें दोन टिंबें जोडून वेगळेंच चिन्ह वापरलें आहे. नवशिक्याच्या दृष्टीनें ती सोय चांगली म्हटली पाहिजे.

आतां माहितीचे प्रकार. शाळेचें निकालपत्रक डोळ्यांपुढें आणा. विद्यार्थ्याचें नांव ही अक्षरमाला. मिळालेले गुण हा पूर्णांक. शेकडा प्रमाण ही दशांशांतील संख्या. उत्तीर्ण आहे कीं नाहीं, याचें उत्तर केवळ सत्य किंवा असत्य. या चौथ्या प्रकारास जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज गणितज्ञाचें नांव दिलेलें आहे. बहुतेक सर्व संगणकभाषांत हे चार प्रकार या ना त्या नांवानें आढळतात.

हे प्रकार ओळखणें सोपें दिसतें. घोटाळा होतो तो दोन प्रकार सारखे दिसतात तेथें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथॉन ही भाषा आज पुष्कळ ठिकाणीं प्रथम शिकविली जाते. तींत वापरणाऱ्याकडून टंकलेखनानें घेतलेला मजकूर नेहमीं अक्षरमाला म्हणूनच येतो. विद्यार्थी दोन विषयांचे गुण विचारतो, ४५ आणि ५२ अशीं उत्तरें येतात, तो बेरीज करतो, आणि ९७ ऐवजीं ४५५२ असें उत्तर पडद्यावर उमटतें. यंत्र बिघडलेलें नाहीं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढें एक जोडणें, आणि तें त्यानें चोख केलें आहे. आधीं त्या अक्षरांचें पूर्णांकांत रूपांतर करावयास सांगितलें असतें, तर ९७ मिळाले असते. आपल्या वाचकांस एक गोष्ट कौतुकाची वाटेल : असें रूपांतर करतांना पायथॉन देवनागरी अंकहि ओळखतो. मात्र आज्ञेंत थेट लिहावयाचे अंक इंग्रजी पद्धतीचेच असावे लागतात.

मग जें अंकांनीं लिहिलें जातें तें सारें पूर्णांकांत ठेवावें काय? तसें नव्हे. पुण्याचा दूरध्वनि-संकेतांक ०२० आहे. तो पूर्णांक म्हणून ठेवला तर आरंभींचें शून्य गळून नुसते २० उरतात, कारण संख्येच्या डावीकडील शून्यास किंमत नाहीं. येथें एक साधी कसोटी उपयोगी पडते : ज्याची बेरीज-वजाबाकी करण्यांत कांहीं अर्थ नाहीं, तो अंकांत लिहिलेला असला तरी नांवच समजावा. दोन विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करतां येते. त्यांच्या दूरध्वनि-क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाहीं. प्रकार ठरतो तो मजकूर कसा दिसतो यावरून नव्हे, त्याचें पुढें काय करावयाचें आहे यावरून.

दशांशांतहि सावधगिरी हवी. एक तृतीयांश दशांशांत लिहूं गेल्यास ०.३३३ असे तीन संपतच नाहींत. संगणक सर्व संख्या शून्य व एक या दोनच अंकांत लिहितो, आणि त्या पद्धतींत एक दशांशाची तीच गत होते. म्हणून तो कांहीं अंकांनंतर तोडावा लागतो. परिणामी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवितो. शेकडा प्रमाणांत एवढा फरक जाणवत नाहीं. पण पैशाच्या हिशेबांत असे कण सांचत जातात. यास्तव रुपये दशांशांत न ठेवतां सर्व रक्कम पैशांत, पूर्णांकानें, ठेवणें हा एक चांगला मार्ग आहे.

प्रकाराची निवड किती महागांत पडूं शकते, याचें उदाहरण ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथें घडलें. त्या दिवशीं युरोपचें आरियान ५ हें नवें अग्निबाण-यान प्रथमच निघालें, आणि सुमारें ४० सेकंदांत आकाशांत नष्ट झालें. त्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रांतील आज्ञावलीचा भाग आधींच्या आरियान ४ मधून घेतलेला होता. त्यांत आडव्या गतीशीं संबंधित एक मोठी दशांश संख्या सोळा स्थानांच्या पूर्णांकांत उतरविली जात असे. शून्य व एक यांचीं सोळा स्थानें असलेल्या त्या पूर्णांकांत ३२७६७ हून मोठी संख्या मावत नव्हती. जुन्या यानाची गति त्या मर्यादेंत राहत असे. नवें यान अधिक वेगवान, त्यामुळें संख्या पाटीबाहेर गेली आणि यंत्र बंद पडलें. जोडीस ठेवलेल्या राखीव यंत्रांतहि तीच आज्ञावली होती. तेंहि त्याच कारणानें बंद पडलें. यानांत मनुष्य नव्हता, हें सुदैव. पण क्लस्टर नांवाचे चार शास्त्रीय उपग्रह त्याबरोबर गेले. पायथॉनचा पूर्णांक गरजेप्रमाणें वाढतो. परंतु सी, जावा इत्यादि भाषांतील नेहमींच्या पूर्णांकास आजहि अशी मर्यादा असते.

ज्या मुलांनीं हा अभ्यास आरंभिला आहे, त्यांनीं आज्ञावली लिहिण्यापूर्वीं वहींत चार रकाने आंखावे : चलाचें नांव, त्याचा प्रकार, त्याचें पुढें काय करावयाचें आहे, आणि त्यांत जास्तींत जास्त केवढें मूल्य येऊं शकेल. तिसरा रकाना भरतां आला नाहीं, तर दुसरा घाईनें भरूं नये. चौथ्यांत लिहितांना आजची संख्या पाहूं नये. उद्यां केवढी होईल, ती पाहावी.