अळीचा रस आणि न भरणारी जखम

मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, तेव्हा आपण मलम बदलून पाहतो. पण अनेकदा जखमेच्या तळाशी मेलेल्या मांसाचा पिवळट, चिकट थर बसलेला असतो आणि तो निघाल्याशिवाय नवे मांस धरत नाही. हा थर काढायला काही डॉक्टर माशीच्या अळ्या वापरतात.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विल्यम बेअर या अमेरिकी शल्यचिकित्सकाकडे सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक आले. जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या, पण अंगात ताप नाही. अळ्या धुतल्यावर खाली निरोगी गुलाबी मांस दिसले. पुढे बेअरनी हा उपचार सुरू केला, तेव्हा काही रुग्णांना धनुर्वात झाला. म्हणून आता अंडीच निर्जंतुक करतात. माशीही ठरलेली असते: लुसिलिया सेरिकाटा, चकचकीत हिरवी.

अंड्यातून निघालेली दोन मिलिमीटरची अळी जखमेवर सोडतात किंवा बारीक जाळीच्या पिशवीत घालून ठेवतात. जखमेभोवतीच्या त्वचेला आधी झिंकची पेस्ट लावतात, नाहीतर अळीच्या रसाने ती सोलवटते.

अळीला दात नसतात. ती तोंडातून रस सोडते, त्यातली एन्झाइम्स, म्हणजे पचन घडवणारी प्रथिने, मेलेले मांस बाहेरच विरघळवतात आणि मग ती ते शोषून घेते. पिशवीतून अळी बाहेर येत नाही, रस मात्र येतो. म्हणजे खरे काम रसाचे.

हाच रस जिवाणूंनाही आवरतो. त्यातले ल्युसिफेन्सिन हे जिवाणूनाशक प्रथिन प्राग इथल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली वेगळे केले. बायोफिल्म, म्हणजे जिवाणू स्वतःभोवती विणतात तो चिकट थर, रसाने सुटू लागतो. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी या रसात लवकर सरकतात, असेही दिसले आहे.

दोन ते चार दिवसांनी अळ्या काढून जखम धुतात.

बिघडते ते बहुधा पट्टीत. हवाबंद पट्टी लावली तर अळ्या गुदमरतात, स्राव फार साचला तर बुडतात आणि कोरड्या, कडक खपलीवर त्यांचे काहीच चालत नाही. ती आधी मऊ करावी लागते. मोठ्या रक्तवाहिनीजवळ किंवा रक्त सहज वाहणाऱ्या रुग्णावर हा उपचार टाळतात. वेदना वाढली तर सोसत बसू नका, लगेच सांगा.

दुसरी गफलत अपेक्षेची. ब्रिटनमध्ये पायाच्या जखमा असलेल्या २६७ रुग्णांवरील चाचणीत (२००९) अळ्यांनी जखम नेहमीच्या उपचारातल्या जेलपेक्षा लवकर स्वच्छ केली, पण ती लवकर भरली नाही आणि वेदनाही जास्त झाल्या. माझ्या मते अळी ही सफाई कामगार आहे. जखम भरायला साखर, रक्तपुरवठा आणि पायावरचा दाब सांभाळावाच लागतो. अळीतले एन्झाइम प्रयोगशाळेत बनवून त्याचे जेल करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ते जमले तर पेस्ट आणि पिशवीचा खटाटोप वाचेल.

घरात कुणाच्या जखमेत आपोआप अळ्या पडल्या, तर तो उपचार समजू नका. आपल्याकडे जिवंत मांस पोखरणाऱ्या माशीच्या अळ्याही असतात, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.