विश्लेषण : मुलांना ‘वाढत्या अंगाची’ बॅट का घेऊ नये?

शाळेचा गणवेश, बूट, सायकल या गोष्टी आपल्याकडे वाढत्या अंगाच्या घेतल्या जातात. दोन वर्षे तरी पुरतील, हा त्यामागचा हिशेब. मुलाचे नाव क्रिकेटच्या शिबिरात घातले की बॅटही त्याच हिशेबाने घेतली जाते. मुंबईत धोबीतलावच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन शोधा, पालकांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीची?’ आणि दुसरा ‘केवढ्याला?’ असतो. मापाचा प्रश्न आलाच तर शेवटी येतो. खरे तर हा क्रम उलटा हवा.

मोठ्या बॅटने बिघडते काय?

सरळ बॅटने खेळताना बॅटवर ताबा ठेवण्याचे काम मुख्यतः वरच्या हाताचे असते, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या डाव्या हाताचे. बॅट पेलवत नसेल तर मूल नकळत खालच्या हाताचा जोर लावते. मग बॅट सरळ खाली न येता आडवी फिरते आणि समोर ड्राइव्ह करायचा चेंडू मिडविकेटकडे ओढला जातो. बॅट लांब असेल तर हँडल पोटाला लागते, त्यामुळे मूल वाकून नीट उभेच राहू शकत नाही. प्रशिक्षक ‘कोपर वर, कोपर वर’ म्हणून ओरडत राहतात, पण दोष कोपराचा नसतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘सचिन नाही का जड बॅटने खेळला?’ सचिन तेंडुलकरची बॅट तीन पौंडांहून जड असे, हे खरेच. पण त्याच सचिनची हँडलवर अगदी खाली असलेली पकड आठवून पाहा. लहानपणी मोठा भाऊ अजितची बॅट वापरायची सवय लागल्याने ती तशी राहिली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. लहानपणीच्या बॅटची सवय हातात इतकी मुरते. सचिनने ती निभावून नेली. प्रत्येकाला ते जमेलच असे नाही.

माप कसे ठरवायचे?

मुलांच्या बॅटी १ ते ६ क्रमांकांच्या असतात. त्यानंतर ‘हॅरो’ आणि मग मोठ्यांची ‘शॉर्ट हँडल’. साधारण साडेचार ते पावणेपाच फूट उंचीला ४ क्रमांक, पाच फुटांच्या आसपास ६ क्रमांक, सव्वापाच फुटांनंतर हॅरो आणि साडेपाच फुटांपुढे शॉर्ट हँडल, असा ढोबळ हिशेब. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. त्यामुळे मुलाला सोबत न्यावे, बूट घालून उभे करावे आणि बॅट पायाशी टेकवून पाहावी. हँडलचे टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावे, त्याहून वर नको.

मग वजन. इथे वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो. ११५० ग्रॅमच्या दोन बॅटींपैकी एक हातात हलकी वाटते आणि दुसरी दगडासारखी, कारण वजन ब्लेडच्या कोणत्या भागात आहे यावर बॅट फिरवायला लागणारी ताकद ठरते. (इंजिनीअरिंगला ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ पाठ केला होता, तो हाच.) दुकानदार याला ‘पिकअप’ म्हणतात. साधी चाचणी अशी : हातमोजे घालून फक्त वरच्या हाताने बॅट मागे उचलायला आणि सरळ खाली आणायला सांगा. चार-पाच वेळा केल्यावर मनगट थरथरत असेल किंवा बॅट वाकडी जात असेल, तर ती परत ठेवा.

काश्मिरी की इंग्लिश?

दोन्ही विलोचेच लाकूड. काश्मिरी विलो जास्त घट्ट आणि जड, इंग्लिश विलो तुलनेने मऊ आणि हलका, म्हणून चेंडू त्यावरून अधिक वेगाने सुटतो. काश्मिरी विलोची बरी बॅट साधारण दोन-तीन हजारांत मिळते. इंग्लिश विलोची चांगली बॅट घ्यायची तर त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात आणि वरची मर्यादा पालकांच्या खिशाला. सीझन बॉलने नुकतेच खेळू लागलेल्या आणि वर्षभरात माप बदलणार असलेल्या मुलाला काश्मिरी पुरते. नियमित सामने सुरू झाले की इंग्लिशचा विचार करावा. टेनिस बॉलची बॅट मात्र सीझन बॉलला वापरू नये, तडा जातो.

ब्लेडवरच्या उभ्या रेषांवरून, म्हणजे ‘ग्रेन’वरून किंमत चढते. एक रेष म्हणजे झाडाच्या वाढीचे एक वर्ष. जास्त रेषांची बॅट लवकर खुलते, पण सहसा लवकर दमतेही. ‘ग्रेड वन’ हा शिक्का प्रामुख्याने दिसण्यावर, म्हणजे रेषांच्या सरळपणावर आणि डागांवर मिळतो. त्यामुळे एखाद्या डागापायी स्वस्त झालेली बॅट मैदानात महागड्या बॅटच्या तोडीची निघू शकते. जाड कडांचा मोहही नको. एमसीसीच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्यांच्या बॅटची कड ४० मिलिमीटरहून आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. २०२५च्या आयपीएलमध्ये तर पंच मैदानातच साचा लावून बॅट तपासत होते. बॅट जाडही हवी आणि हलकीही, तर लाकूड कमी घनतेचे किंवा जास्त वाळवलेले लागते. ते लवकर चिरते.

घेतल्यावर लगेच नेटमध्ये?

नाही. कच्ची बॅट असेल तर आधी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, हँडलच्या सांध्याला आणि स्टिकरला न लावता. मग लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकायची, सुरुवातीला अलगद, पुढे जोर वाढवत. एकूण पाच-सहा तास तरी, तेही चार-आठ दिवसांत विभागून. त्यानंतर जुन्या चेंडूवर कॅच देण्यापुरता वापर. दुकानात ‘रेडी टू प्ले’ म्हणून मिळालेल्या बॅटलाही थोडे ठोकणे लागतेच. ओल्या मैदानावर टो टेकवून उभे राहू नये, पाणी तिथूनच शिरते.

राहिला दरवर्षीच्या खर्चाचा प्रश्न. माप लहान झालेली चांगली बॅट क्लबमध्ये कोणाकडे तरी पडून असतेच. चौकशी करा. अशी बॅट ठोकून तयार झालेली असते आणि निम्म्या किमतीतही मिळून जाते. घेताना हँडल ब्लेडमध्ये शिरते तो ‘व्ही’ आकाराचा सांधा आणि टो एवढे नीट पाहावे. कडेवरच्या बारीक चिरा चालतात, सांधा हललेला चालत नाही.