याओ मिंग : उंचीचे ऋण

चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी लिहितात; याओ हे आडनाव, मिंग हे नाव. १२ सप्टेंबर १९८० रोजी शांघाय येथे जन्मलेल्या या मुलाचे वडील त्या शहराच्या बास्केटबॉल संघातून खेळले होते, तर आई फांग फेंगदी राष्ट्रीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. उंच मुले लहानपणीच हेरून त्यांना सरकारी क्रीडाशाळांत घडवावयाचे, ही चीनची रीत होती. याओही त्याच वाटेने गेला. त्याची उंची अखेर २.२९ मीटर, म्हणजे साडेसात फूट भरली.

२००२ साली त्याच्या शांघाय शार्क्स संघाने सैन्यदलाच्या बायी संघाला नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला सर्वप्रथम निवडले. अमेरिकन महाविद्यालयात न खेळलेल्या परदेशी खेळाडूला हा मान पूर्वी कधीच मिळाला नव्हता. परंतु मायदेशाने त्याला अटींवर सोडले होते : मिळकतीतील काही वाटा परत द्यावयाचा आणि राष्ट्रीय संघाची हाक येताच हजर व्हावयाचे.

यातील दुसरी अट अधिक जड ठरली. अमेरिकेतील हंगाम संपला की इतर खेळाडू विश्रांती घेत. याओचे उन्हाळे बहुधा राष्ट्रीय संघाबरोबर जात. एवढ्या देहाचा भार पावलांच्या लहान हाडांवर पडतो आणि त्यांना पडलेल्या चिरा सांधण्यास अवधी लागतो. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पावलाचे हाड चिरले. तरी ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनचा ध्वज त्याच्याच हाती होता आणि संघातही तोच होता. मे २००९ मध्ये हाड पुन्हा दुखावले. पुढचा संपूर्ण हंगाम बुडाला, त्यानंतरच्या हंगामात केवळ पाच सामने झाले. ४८६ सामन्यांत सरासरी १९ गुण मिळविणारा हा खेळाडू २० जुलै २०११ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

२०१७ ते २०२४ या काळात तो चीनच्या बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. या काळात महिला संघ २०१९ साली बेंगळुरूत झालेल्या आशियाई चषकाच्या अंतिम फेरीत जपानकडून हरला, पण २०२३ साली त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून त्याने तो चषक जिंकला. पुरुषांचा संघ मात्र टोकियो ऑलिंपिकला पात्रही ठरला नाही. एका असामान्य देहावर राष्ट्राची आकांक्षा काही वर्षे तोलून धरता येते. त्या देहाची जागा भरून काढणे मात्र कोणत्याही हुकमाने साधत नाही.