दोन विहिरींचा प्रश्न

एकाच गावात, एकाच पावसाखाली असलेल्या दोन विहिरी. एक मार्चमध्येच तळ गाठते; दुसरीला मे अखेरपर्यंत पाणी असते. असे का, हे वर्गात विचारले की 'पाऊस कमी पडला' असे उत्तर बहुधा येते. पाऊस तर दोन्ही विहिरींना सारखाच लाभला! ही विसंगती विद्यार्थ्याला स्वतः उमगावी, हेच समस्याधारित अध्ययनाचे मर्म होय.

ही पद्धती कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ साली सुरू झाली. आधी व्याख्यान व मग रोगी, हा क्रम तेथे उलटविण्यात आला. लहान गटापुढे प्रथम रोग्याची तक्रार ठेवली जाई आणि काय शिकावयास हवे, हे गटच ठरवीत असे.

पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे आज चित्रफिती वर्गात सहज पोहोचतात. त्या उपयुक्त खऱ्या. पण त्यांत उत्तर आयते मिळते. विहिरींचा डिजिटल पाठ तयार करताना आरंभी दोन विहिरींची छायाचित्रे व पावसाची नोंद एवढेच दाखवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. विद्यार्थ्यांनीही शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच महिन्यांत दोर सोडून मोजणी करावी व तक्ता भरावा. खडकाची माहिती त्यानंतरच उघडावी. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. अभंग बेसाल्टात पाणी मुरत नाही; ते झिजलेल्या मुरुमात व भेगांत साठते. त्यामुळे हाकेच्या अंतरावरील विहिरींची गतही भिन्न असू शकते. तथापि खडक हेच कारण, असेही लगेच मानू नये. शेजारी कूपनलिका आहे काय, ऊस आहे काय, पंप किती तास चालतो, हे पाहिल्याविना निर्णय देता येत नाही. एकाने मांडलेले कारण दुसऱ्याने तक्त्याच्या आधारे तपासावे, प्रसंगी खोडून काढावे. चिकित्सक विचार म्हणतात तो हाच.

येथे एक अडचण संभवते. पंपाचे तास विचारणाऱ्या मुलाला शेजाऱ्याची बोलणी खावी लागतील. ही माहिती शाळेसाठी हवी आहे, कोणाच्या तक्रारीसाठी नव्हे, असे सरपंचांनी ग्रामसभेत आधीच सांगितलेले बरे. पहिल्या वर्षी तक्त्यात प्रत्येक विहिरीच्या चारच नोंदी असतील. पुढील तुकडीने त्यांत भर घालावयाची आहे.